अर्धा कॅमेरा

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या हातातल्या कॅमेऱ्याला ‘माझा’ म्हटलं, आणि ठिणगीचं डोकं सटकलं.

ठिणगी हे नाव तिच्या वडिलांनी पाडलेलं. ते शिंपी, लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि वेळ आली की स्वतःचे वटारायची. आज ती जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणाऱ्या काकांकडे भांडायलाच आली होती. कालच तिने हौसेने तो मोठ्या फिल्मचा जुना कॅमेरा नेला होता – चौकोनी, जडशीळ, भिंग लखलखीत, अंगावर नवंकोरं काळं चामडं. घरी जाऊन बघते तर काय, मागे फिल्म घालायची पेटीच नाही! वरून वाकून बघायचं झाकणही नाही! म्हणजे नुसतं देखणं डबडं!

“हा माझा कॅमेरा आहे,” शेजारी उभा असलेला उंच तरुण परत म्हणाला. त्याच्या काखेत एक खोकं होतं. “चामडं सुकायचं होतं, म्हणून मी पैसे देऊन पेटी आणि झाकण आधी घरी नेलं. हे बघा.”

“अस्सं! म्हणजे चोर तुम्हीच!”

“चोर? अहो, मी दातांचा डॉक्टर आहे.”

“एकच झालं!”

काका कपाळाला हात लावून बसले होते. खोकं त्यांच्या सुनेने दिलेलं, कॅमेरा त्यांनी विकलेला, आणि दोघांनी एकमेकांना विचारलं होतं कुठे? “तुमचं तुम्ही ठरवा बाबांनो,” ते म्हणाले, “मला आता काही सुचत नाही.”

ठिणगीला थांबायला वेळ नव्हता. महिनाअखेर वडिलांचं दुकान कायमचं बंद होणार होतं. ते कापड बेतायचं टेबल, ती कात्री, त्यामागे उभे वडील – सगळं तिला याच कॅमेऱ्यात हवं होतं. हे तिने तावातावाने सांगितलं.

डॉक्टरने काखेतलं खोकं काकांसमोर ठेवलं. “मग… रविवारी येऊ का मी? पेटी घेऊन?”

“या. पण हात लावायचा नाही.”

“कॅमेऱ्याला ना?”

तिने डोळे वटारले. त्याने जीभ चावली – पण हसत होता मेला!

काकांनी वर झाकण लावलं आणि पेटी कॅमेऱ्याला मागून खटकन बसवून दाखवली. पेटीत एक पातळ लोखंडी पट्टी सरकवलेली होती. ती ओढून काढल्याशिवाय फोटो निघत नाही, आणि परत घातल्याशिवाय पेटी सुटत नाही. “तेवढी हरवू नका म्हणजे झालं,” काका म्हणाले.

रविवारी दुकानाच्या काचेवर बारीक पाऊस वाजत होता. वडील टेबलामागे उभे, आणि त्यांच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून डॉक्टर पांढरं कापड ताणून धरून उभा. ठिणगी खाली मान घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघत होती.

“जरा डावीकडे सरका.”

तो सरकला.

“डावीकडे म्हटलं ना!”

“माझं डावं हेच आहे.”

“मला इथे उलटं दिसतंय!”

“मग चूक कोणाची?”

“तुमची! इतकं उंच व्हायला सांगितलं कोणी?”

“अगं ठिणगे,” वडील म्हणाले, “माणूस आहे तो, कपाट नाही.”

ती पुन्हा वाकली. काचेत आता वडील होते, आणि कडेला तो… ओले केस, हातात कापड, आणि नजर सरळ तिच्यावर. खाली बघणाऱ्या मुलीला आपण दिसतच नाही, असं वाटलं असावं बिचाऱ्याला! ठिणगीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बटण दाबायचं ती विसरूनच गेली.

फोटो झाले आणि पट्टी सापडेना. टेबलाखाली नाही, चिंध्यांच्या ढिगात नाही. वडील गुडघे टेकून शोधत होते. पट्टी नाही म्हणजे पेटी सुटणार नाही. रीळ तेवढं बाजूने बदलता येत होतं.

“आता एकत्रच ठेवावा लागणार,” डॉक्टर हळूच म्हणाला. “एक आठवडा तुमच्याकडे, एक माझ्याकडे.”

“नशीब माझं!” ठिणगी फणकारली.

दुकान बंद झालं, रविवार चालू राहिले. कधी कालव्याचा पूल, कधी बागेतला बाक. सर आली की तो छत्री कॅमेऱ्यावर धरायचा आणि स्वतः भिजायचा. ती ओरडायची, तो हसायचा. पण बोलणं सगळं उजेडाचं, भिंगाचं, रिळाचं! घरी आल्यावर ठिणगीची चिडचिड व्हायची. हा माणूस दर रविवारी येतो तो कोणासाठी? माझ्यासाठी, की या डबड्यासाठी? विचारायची सोय नव्हती, आणि कळल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

अशात तिची दाढ ठणकायला लागली.

कॅमेरा द्यायला म्हणून ती त्याच्या दवाखान्यात गेली आणि खुर्चीत अडकली. इंजेक्शनने अर्धं तोंड बधिर झालं. मग त्याने दाढ कोरली, भरली, गालात कापूस कोंबला.

“दुखतंय? नाही ना? मग… एक सांगायचंय.” त्याने कोटाच्या खिशातून काहीतरी काढलं. पातळ, लोखंडी. पट्टी!

“आं!” ठिणगी म्हणाली.

“पहिल्या रविवारपासून माझ्याकडेच आहे. ओढल्यावर मीच खिशात ठेवली होती. शोधताना हाताला लागली, पण… काढून दिली असती तर तुम्ही पेटी सोडवून माझ्या हातात दिली असती आणि ‘या आता’ म्हणाला असतात. मला जायचं नव्हतं. मी रविवारची वाट बघतो ती कॅमेऱ्यासाठी नाही. तुमच्यासाठी.”

“आं! आं आं आं!”

“हलू नका, दाढ ओली आहे.”

ठिणगी ताडकन उठून बसली. कापूस बोटांनी उपसून तिने भांड्यात फेकला.

“तोंडात बोळे कोंबून सांगता? समोरच्याला उत्तर देता येऊ नये म्हणून?”

“तुम्हाला बोलता येत असतं तर माझी हिंमत झाली नसती.”

“आणि माझे वडील? तुमच्यासमोर गुडघ्यांवर रांगत होते ते! तुमचे बत्तीसच्या बत्तीस काढून हातात देईन!”

त्याची मान खाली गेली. “ते चुकलंच. त्यांची माफी मागतो, तुमच्यासमोर.” मग भीत भीत म्हणाला, “पण… तुम्ही तरी काकांकडे दुसरी पट्टी कुठे मागितलीत?”

“तो विषय वेगळा!”

तिने पट्टी हिसकावून घेतली, कॅमेऱ्यात सरकवली, पेटी खटकन सोडवली आणि झाकणासकट त्याच्या हातात दिली.

“घ्या. तुमचं तुम्हाला, माझं मला. आता अडकलेलं काही नाही.”

त्याचा चेहरा पडला. “म्हणजे… संपलं?”

“रविवारी या.”

“पेटी घेऊन?”

“पेटी घरी ठेवून! कॅमेरा नाही, रीळ नाही, निमित्त नाही. रिकाम्या हाताने या. बघू तरी येता का!”

तो नुसताच बघत राहिला.

“आता का दातखीळ बसली?”

“नाही, म्हणजे… कॅमेरा नसेल तर आपण…”

“कॅमेरा गेला खड्ड्यात! मी तुला बोलावतेय, तुला! कळतंय का काही?”

“कळलं गं बाई,” बाहेरच्या बाकावरून एक म्हातारी ओरडली, “आम्हालासुद्धा कळलं!”

ठिणगीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याने ते हात अलगद बाजूला केले. “येतो,” तो म्हणाला, “सकाळीच येतो.” तिला अजून चिडायचं होतं, पण हसू फुटलं. अर्धं तोंड बधिर होतं, म्हणून ते एकाच गालावर आलं.