सतरावं घरटं आणि न दिसणारी अक्षरं

पडद्यावर सतराव्या घरट्याची ओळ लालभडक दिसत होती आणि कुर्ली ढिम्म उभी होती.

या दोन गोष्टी एकाच वेळी घडणं शक्य नव्हतं, निदान माडवेळच्या कासव केंद्रात तरी. सन २०५३ चा मार्च महिना होता. किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणाआड वाळूत कासवाच्या अंड्यांची चाळीस घरटी पुरलेली होती आणि प्रत्येकात एक तापमापक होता. केंद्राचा संगणक दर पाच मिनिटांनी प्रत्येक घरट्यासाठी एक ओळ लिहायचा: ‘ठीक घरटे १६ ३२.१’, ‘तापले घरटे १७ ३४.०’. या ओळी दोन ठिकाणी जात. एक म्हणजे खोलीतला पडदा आणि दुसरं म्हणजे कुर्ली. कुर्ली हा आठ पायांचा, खेकड्यासारखा यंत्रमानव होता. ओळीच्या सुरुवातीला ‘तापले’ आलं की ती त्या घरट्यावर पाणी शिंपडून माडाच्या झावळ्यांचं झाप अंथरायची. कुंपणात माणसाने पाऊल टाकायचं नाही, असा केंद्राचा नियम होता. माणसाच्या वजनाने वाळू दबते. कुर्ली मात्र मांजरीइतकी हलकी होती.

पडद्यासमोर बसलेल्या ऊर्मीचं वय बारा. तिचे आजोबा, डॉक्टर दिगंबर मोर्जे, हे केंद्र चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळची राखण तिच्याकडे असायची.

“गो चेडवा, तुझी कुर्ली झोपली काय?” दारातून सत्यामावशींनी विचारलं.

सत्यामावशी मासे विकायच्या, पण पहाटे किनाऱ्यावर फिरून अंडी शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सतरावं घरटं त्यांनीच शोधलं होतं. कासवाची अंडी उलटीसुलटी झाली तर आतला जीव मरतो, म्हणून एकशे बारा अंडी टोपलीत जशीच्या तशी मांडून त्या दीड किलोमीटर चालत आल्या होत्या. वाटेत कोणी हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नव्हती.

“जागी आहे मावशी. पण ऐकत नाहीये.”

आकडा ३४.३ झाला. साडेतेहतीसच्या वर फार वेळ राहणं अंड्यांना धोक्याचं असतं. ऊर्मीने आजोबांना हाक मारली. ते आले, त्यांनी कुंपणाच्या दारापाशी उभ्या असलेल्या कुर्लीचे पाय पाहिले, बॅटरी पाहिली, तार पाहिली. सगळं ठणठणीत होतं.

“काल काही बदललं होतं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ऊर्मी म्हणाली.

खोलीत एक जाड वही दोरीने बांधून ठेवलेली होती. यंत्रात, प्रोग्रॅममध्ये, अगदी एखाद्या स्क्रूमध्ये जरी बदल केला तरी तो या वहीत लिहायचा, अशी इथली रीत. कालच्या तारखेखालचं पान कोरं होतं. ऊर्मी त्या पानाकडे बघत राहिली. आकडा ३४.५ झाला.

“मी रंग दिला,” ती एकदम म्हणाली. “काल संध्याकाळी. ओळींना. पण नुसता रंगच दिला आजोबा, अक्षरं तीच आहेत. रंगात काय लिहायचं, म्हणून वहीत लिहिलं नाही.”

“रंग काढ. आधी आग विझवू, मग शिकू.”

तिने प्रोग्रॅममधल्या तीन ओळी खोडल्या. पुढची नोंद पडद्यावर साधी, पांढरी उमटली: ‘तापले घरटे १७ ३४.६’. आणि कुर्ली, जी पाऊण तास पुतळ्यासारखी उभी होती, टुणकन उठली आणि पाण्याचा डबा घेऊन सतराव्या घरट्याकडे धावली.

सत्यामावशींनी टोपली उचलली आणि त्या निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर ऊर्मीला बरं वाटलं असतं.

दुपारी आकडा बत्तिसावर उतरला, तेव्हा आजोबांनी तिला पडद्यासमोर बसवलं. जगात तोपर्यंत बोलणाऱ्या भिंती आल्या होत्या. माडवेळच्या केंद्रात मात्र अजून जुनं टर्मिनल (काळी चौकट, जिच्यात संगणक आणि माणूस फक्त अक्षरांतून बोलतात) होतं. खाऱ्या हवेत तेच टिकतं, असं आजोबांचं मत होतं. त्यांची बरीच मतं अशी टिकाऊ होती.

“आता सांग, रंग कसा दिलास?”

“ओळीच्या आधी एक खूण लिहिली. मग पडदा लाल झाला.”

“म्हणजे अक्षरं तीच नाहीत. वाढलीत. कुर्लीला काय पोचलं ते बघ.” त्यांनी कुर्लीची आठवणपाटी (तिने वाचलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी साठवणारी जागा) उघडली. तिथे सकाळची ओळ अशी होती:

␛[31mतापले घरटे १७ ३४.३␛[0m

“ई! हे काय?”

“हे तूच लिहिलंस. गेल्या वर्षी तुमच्या शाळेच्या नाटकात तो राजा झालेला मुलगा होता ना, त्याने काय केलं होतं?”

ऊर्मीला हसू आलं. त्या मुलाच्या संवादात ‘(रडत) प्रधानजी, राज्य गेलं!’ असं होतं आणि त्याने खणखणीत आवाजात म्हटलं होतं, “रडत प्रधानजी, राज्य गेलं!” प्रधानजीने तिथल्या तिथे रडायला सुरुवात केली होती.

“कंसातलं बोलायचं नसतं, करायचं असतं. हे ज्या नटाला माहीत आहे तो रडून दाखवतो. ज्याला माहीत नाही तो ‘रडत’ असं वाचून दाखवतो. टर्मिनल हा जुना, मुरलेला नट आहे. ही पहिली खूण, ␛, म्हणजे सुटका-अक्षर (आता पुढे मजकूर नाही, सूचना आहे, असं सांगणारं अक्षर). संगणकाच्या जुन्या अक्षरयादीत त्याचा नंबर सत्तावीस. ते दिसलं की टर्मिनल पुढचं छापत नाही, पाळतं. ३१ म्हणजे लाल आणि m आला की सूचना संपली.”

“३२ हिरवा, ३३ पिवळा,” ऊर्मी म्हणाली. “आणि १ लिहिलं की ठळक, ४ लिहिलं की खाली रेघ. ‘१;३१’ असं जोडून लिहिलं तर ठळक लाल.”

“शाब्बास. आणि शेवटचा शून्य?”

“तो पहिल्यांदा राहिला होता. मग सगळंच लाल झालं. चाळीस घरटी, आजची तारीख, सगळं. मला वाटलं, संगणकाला गोवर आला.”

“कारण टर्मिनल सांगितलेलं विसरत नाही. शून्य म्हणजे ‘आता पहिल्यासारखा हो’. बरं, आता कुर्लीचं बघू. ती या नाटकात नवी आहे. तिला एवढंच शिकवलंय, की ओळ ‘तापले’ने सुरू झाली तर धाव. सकाळी ओळ कशाने सुरू झाली?”

ऊर्मीने पाटीकडे पाहिलं. “सुटका-अक्षराने.”

“मग ती का धावेल?”

ऊर्मीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. कुर्ली आळशी नव्हती, बिघडलेली नव्हती. तिने जे आलं ते इमानाने वाचलं होतं आणि त्यात तिला ‘तापले’ सुरुवातीला सापडलं नव्हतं. मनातल्या मनात ऊर्मी सकाळी कुर्लीला चार शब्द बोलली होती. त्याची तिला आता लाज वाटली.

“आता कधीच रंग देणार नाही,” ती म्हणाली.

“दी गो रंग,” दारातून आवाज आला. सत्यामावशी परत आल्या होत्या. “माका चष्म्याशिवाय आकडे दिसनत नाय. सकाळी लाल दिसला म्हणान तर मी दारातून इचारलंय.”

हे खरंच होतं. चाळीस पांढऱ्या ओळींत एक तापलेली ओळ शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. रंगाने घोळ घातला होता आणि घोळ झालाय हे दाखवलंही रंगानेच होतं.

“पण मग कुर्लीचं काय?” ऊर्मीने विचारलं.

“लिहिण्याआधी काय विचारायला हवं?” आजोबा म्हणाले.

ऊर्मीने पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून कुर्लीकडे. “हेच, की वाचणारं कोण आहे. डोळे की यंत्र.”

“आणि प्रोग्रॅमला ते विचारता येतं. ‘माझ्या ओळी टर्मिनलकडे जातायत का?’ असं तो संगणकाला विचारू शकतो. उत्तर ‘हो’ आलं तर रंग द्यायचा. ‘नाही’ आलं, म्हणजे ओळी दुसऱ्या यंत्राकडे किंवा फाइलमध्ये चालल्या आहेत, तर साधा मजकूर पाठवायचा.”

तिला ते लिहायला अर्धा तास लागला. मग तिने खोलीतला एक जादा तापमापक संगणकाला जोडून मुद्दाम कोमट पाण्यात बुडवला. पडद्यावर ठळक लाल ओळ उमटली आणि बाहेर कुर्ली झाप घेऊन धावली. दोन्ही एकाच वेळी. सत्यामावशींनी मान डोलावली, पण त्यांची नजर सतराव्या घरट्यावरच होती. आत काय झालंय ते वाळू उकरल्याशिवाय कळणार नव्हतं आणि वाळू उकरायची नव्हती.

एकोणीस दिवस ऊर्मी रोज सकाळी आधी सतरावी ओळ वाचायची.

विसाव्या दिवशी, उजाडता उजाडता, सतराव्या घरट्यावरची वाळू मधोमध खचली. एक काळं, बटणाएवढं डोकं वर आलं. मग दुसरं. मग एकदम पंधरा-वीस. सत्यामावशी कुंपणाबाहेर उकिडव्या बसून मोजत होत्या. सत्त्याऐंशी पिल्लं समुद्राकडे गेली.

“पंचवीस राहिली,” ऊर्मी म्हणाली. “आजोबा, माझ्यामुळे?”

“माहीत नाही. दर घरट्यात काही अंडी उबत नाहीत. यातली किती त्या पाऊण तासामुळे गेली, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.”

ते खोटं बोलले असते तर ऊर्मीला रडू आलं नसतं. सत्यामावशींनी मासळीचा वास येणारा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

खोलीत येऊन ऊर्मीने दोरीची वही उघडली. तारीख, बदल, कोणी केला, असे तीन रकाने होते. तिने पट्टी घेऊन चौथा आखला आणि वर लिहिलं: ‘हे कोण कोण वाचणार?’ मग पानं मागे उलटून ती त्या कोऱ्या पानावर गेली आणि उशिरा का होईना, पहिली नोंद केली: ‘ओळींना रंग दिला. ऊर्मी.’ तिथेही चौथा रकाना आखून तिने त्यात लिहिलं: ‘मी, आजोबा, सत्यामावशी.’

थोडं थांबून, स्वल्पविराम देऊन, तिने पुढे लिहिलं: ‘कुर्ली.’