सतरा नंबर आत आहे

विषय : गोल कुंडासाठी आणखी एक पितळी बिल्ला मिळण्याबाबत.
संदर्भ : आवक क्रमांक २१२ चा अर्ज. सही नाही, पत्ता नाही. कागद ओला.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर अर्ज टेबलावर आला तेव्हा मी गरम झऱ्यांच्या उद्यान व स्नानकुंड विभागात हेडक्लार्क होतो. आता निवृत्त आहे, तब्येत उत्तम आहे. दफ्तरी भाषा इथेच सोडतो, कारण पुढचं त्या भाषेत सांगता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

आमचा विभाग म्हणजे चार बागा, सहा कुंडं आणि अकरा माणसं. लोक आपले गुडघे, कंबरा घेऊन दुरून यायचे, आठवडाभर गरम पाण्यात बसायचे आणि तेच गुडघे घेऊन, पण हसऱ्या चेहऱ्याने परत जायचे. त्या वर्षी नवे अधीक्षक आले. त्यांना सुधारणेची भारी हौस. आल्या आल्या त्यांनी सगळी बाकडी रंगवून घेतली, त्यामुळे आठ दिवस सगळे पाहुणे उभे होते. मग त्यांची नजर गोल कुंडाकडे वळली. सगळ्यांत जुनं, सगळ्यांत लहान, बायकांसाठी राखीव. ते बुजवून तिथे फुलांचं घड्याळ करायचं ठरलं. खरे लोखंडी काटे, झेंडूचे आकडे.

गोल कुंडावर मावशी होत्या. तीस वर्षं त्याच स्टुलावर. कुंडाला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांना कामाबरोबर मिळालेल्या. एकीत त्या राहायच्या. दुसरीत त्यांची थोरली बहीण, पाय अधू झालेली, कुंडाच्या भिंतीला पाठ लावून बसलेली असायची. त्या उबेवरच तिचं चाललं होतं. कुंड गेलं की खोल्याही जाणार, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी हुकूम वाचून दाखवला. मावशी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त बिल्ल्यांच्या फलकाकडे बोट केलं.

"भाऊसाहेब, सतरा नंबर आत आहे."

इथे आमची पद्धत सांगायला हवी. कुंडावर वाफ इतकी दाट की पाण्यात कोण आहे, कोण नाही, काठावरून कळत नाही. म्हणून आत जाणारीने फलकावरचा एक बिल्ला घेऊन मनगटाला बांधायचा आणि जाताना खिडकीवर परत द्यायचा. बिल्ला दिल्याशिवाय कुणालाही फाटकाबाहेर सोडायचं नाही. आणि नियम नऊ : एकही खुंटी रिकामी असेल तोवर कुंडाचं पाणी सोडायचं नाही.

फलकावर चाळीस खुंट्या. सतरावी रिकामी होती.

"कधीपासून?"

"बावीस वर्षं झाली असतील."

"बावीस वर्षं कुणी आंघोळ करतं का, मावशी?"

"पाणी चांगलं आहे ना," मावशी म्हणाल्या.

त्या बावीस वर्षांत कुंड एकदाही रिकामं झालं नव्हतं. लांब दांड्याच्या ब्रशांनी काठावरूनच घासलेलं. बुडाल्याची नोंद नाही, हरवल्याची तक्रार नाही. बिल्ला कुणीतरी खिशात घालून नेला असणार, हे उघड होतं. पण साहेबांचा तगादा होता, आणि नियम तर मीच सगळ्यांना पाठ करायला लावले होते. तेव्हा मी एक युक्ती केली आणि तिचा मला दोन दिवस अभिमानही वाटला. तांबटाकडून हुबेहूब दुसरा सतरा नंबर करून आणला आणि खुंटीला अडकवला.

"आता चाळीस पूर्ण," मी म्हणालो.

शाळेत नक्कल करून आलेल्या पोराकडे आई पाहते, तसं मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी स्वतः व्हॉल्व्हचं चाक फिरवलं. लख्ख ऊन होतं. कुंडाभोवतीची फरशी कोरडी ठणठणीत. पाणी उतरू लागलं तसा गंधकाचा वास वर आला, आणि त्याच्यामागून दुसरा एक... जुन्या साबणाचा, ओल्या केसांचा. मी खिडकीत बसून पंचनामा लिहीत होतो. मावशी स्टुलावर.

पाणी गुडघाभर राहिलं असेल. वाफेत कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखा आवाज झाला. अंगावरून पाणी निथळताना होतो तो.

"मावशी, आत कोण आहे?"

"हळू बोला... बाहेर येतायत."

पायरीवर ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत, कोरड्या फरशीवर पावलांची एक ओळ खिडकीकडे येऊ लागली. अजिबात घाई नाही. सुट्टीवर आलेली माणसं चालतात तशी. आणि तिच्यामागून दुसरी ओळ, जरा लहान पावलांची, थबकत थबकत.

खिडकीच्या फळीवर टक् असा आवाज झाला. बिल्ला होता. सतरा. हिरवा पडलेला, हात लावावा तर चटका बसेल इतका गरम. पहिली पावलं फाटकातून बाहेर गेली.

दुसरी पावलं फाटकाशी थांबली. तिथे फरशीवर पाणी साचत गेलं. बशीएवढं, मग ताटाएवढं.

मी काय म्हणालो असेन? किंचाळलो नाही. देवाचं नावही घेतलं नाही. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत जिभेला जे वळण लागलं होतं तेच झालं.

"बिल्ला?" मी विचारलं.

पाणी फक्त पसरलं.

"यांच्याकडे नाही, भाऊसाहेब..." मावशी पुटपुटल्या.

"मग सोडता येणार नाही," मी म्हणालो.

लहान पावलं वळली. पायऱ्या उतरून वाफेत गेली. आणि मग, हे मला अजून आठवतं, फाटकाबाहेर गेलेली पहिली पावलं परत आली. बाहेरच्या धुळीची माती फरशीवर उमटवत, सरळ, न थबकता, लहान पावलांमागून खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह उघडाच होता, आणि कुंड काठोकाठ भरलेलं. जुना सतरा नंबर माझ्या कुलूपबंद खणात होता. खुंटीवरचा नवा नव्हता. टेबलावर ओला कागद होता, अक्षर वळणदार, शाळेत घोटून घेतात तसं :

"विनंती की, आम्ही कुंडात दोघी आहोत व बिल्ला एकच आहे. दोघींना बाहेर पडता यावे म्हणून आणखी एक बिल्ला मिळावा. घाई नाही."

मी त्याला आवक क्रमांक दिला. दुसरं काय करणार?

साहेबांनी कागद चिमटीत धरून वाचला, बोटं पुसली. "कुणाचा तरी चावटपणा आहे. द्या एक बिल्ला आणि निकाली काढा."

खण माझ्या हाताशी होता. त्यात जुना सतरा नंबर होता. तो खिडकीवर ठेवायचा, एवढंच काम. दोघी निघाल्या असत्या, खुंट्या भरल्या असत्या, पाणी सुटलं असतं आणि मार्चपर्यंत मावशींची बहीण पाठ टेकायची त्या जागी झेंडू फुलले असते.

आमच्या नियमावलीत नियम चौदा आहे : कुंडाविषयी एखादा अर्ज अनिर्णित असेल तोवर त्या कुंडात कोणताही बदल करू नये. तो कुणी, का लिहिला, देव जाणे. मी अर्ज अभिप्रायासाठी उद्यान शाखेकडे पाठवला. त्यांनी आरोग्य शाखेकडे. आरोग्याने विधी शाखेकडे, आणि विधी शाखेने विचारलं की अर्जदार हयात आहे का. त्यावर मी दरवर्षी स्मरणपत्र पाठवत गेलो. साहेबांची बदली झाली. फुलांचं घड्याळ मोटार थांब्याजवळ झालं. ते सव्वापाच दाखवतं, कायम.

मावशी अजून त्याच खोल्यांत आहेत, स्टुलावर आता त्यांची भाची बसते. थोरली बहीण भिंतीला टेकून मला चहा करायला सांगते, कारण मावशींच्या चहात साखर कमी असते. दर गुरुवारी आम्ही तिघं गप्पा मारतो, भिंतीला पाठ लावून. ऊब छान लागते. कधीकधी पलीकडून भिंतीवर हलकेच थापटल्यासारखं होतं. बहीण उलटं थापटते. शेजारधर्म, म्हणते.

मागच्या आठवड्यात नव्या हेडक्लार्कने फाईल दाखवायला बोलावलं. कागद अजून ओला आहे. सोळा वर्षांत वाळलेला नाही. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. शाई तीच, अक्षर तेच, खाडाखोड कुठेही नाही. पण आता तिथे लिहिलं आहे, "आम्ही कुंडात तिघी आहोत."

आणि "घाई नाही" हे शब्द नाहीत.

मावशी आणि बहीण दोघी घरीच होत्या, भाची स्टुलावर होती, मी लगेच जाऊन पाहिलं. फलकावर एकच खुंटी रिकामी होती, सतरावी. जुना बिल्ला निवृत्तीपासून माझ्याकडे आहे. हे लिहिताना टेबलावर आहे, आणि गरम आहे.

सदर अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.