तबकडी थांबेपर्यंत

विब्रेन पोस्टमाकडे तेराशे बारा सीड्या होत्या आणि एक मेपासून राहायला दोन खोल्या असणार होत्या. हे गणित त्याच्या मुलीने, निंकेने, फोनवरून त्याला तीनदा समजावून सांगितलं. विब्रेनची सगळी नोकरी कालव्यांमधल्या पाण्याची पातळी मोजण्यात गेली होती. कुणी गणित समजावून सांगितलेलं त्याला आवडत नसे.

"बाबा, पलंग ठेवायचाय की सीड्या, एवढंच ठरवा."

"पलंगाखाली बसतील."

"पलंगाखाली तुमच्या पाण्याच्या नोंदवह्या बसणार आहेत. ते तुम्हीच ठरवलंत."

घर हार्लिंगनच्या बंदरापाशी, कालव्याला लागून. अरुंद, तीन मजली, शिडीला जिना म्हणायची पद्धत असलेलं. त्याची बायको हिस्के होती तोवर ते दोघांना बेताचं होतं. तिला जाऊन आता दुसरा एप्रिल आला, आणि गुडघे म्हणू लागले की एका माणसाला तीन मजले म्हणजे उधळपट्टी आहे.

खरेदीदार ग्रोनिंगनहून येणार होता. त्याचं नाव रेमको. फोनवर म्हणाला, "नावं वाचून दाखवू नका काका, मी मीटरवर घेतो." आयुष्यभराचं संगीत पडद्याच्या कापडासारखं मोजलं जाणार याचा विब्रेनला अपमान वाटला. मग त्याने टेप काढून फळ्या मोजल्या. साडेतेरा मीटर. मोजमाप चोख निघाल्यावर अपमान थोडा कमी झाला.

रेमको तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी साडेदहाला यायचा होता. तोवर ठरवायचं होतं: विकायच्या की ठेवायच्या. विब्रेनने पद्धत आखली. प्रत्येक फळीवरच्या थोड्या सीड्या काढायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायच्या, वहीत शेरा मारायचा. फळ्या खरेदीच्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. हिस्के म्हणायची, "या घरात एक गाणं शोधायचं तर इतिहासाचा प्राध्यापक बोलवावा लागतो."

ऐकण्याचा नियमही जुनाच. एक्क्याण्णव साली पहिली सीडी घरात आली, त्याच दिवशी विब्रेनने तो जाहीर केला होता: तबकडी फिरायची थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. हिस्के "बरं, साहेब" म्हणाली होती आणि विणकाम घेऊन बसली होती. पुढची तीस वर्षं ती रोज संध्याकाळी तशीच बसली.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्र्याण्णवची एक सीडी लावली. त्या काळात गायकांना एक खोड होती. शेवटचं गाणं संपलं की चार-पाच मिनिटं नुसती शांतता ठेवायची आणि मग कव्हरवर न छापलेलं एक गाणं अवचित वाजवायचं. विब्रेन त्या शांततेत बसून होता. बाहेर सीगल ओरडत होते.

बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

त्याने आपल्या कपाकडे पाहिलं. कप स्वयंपाकघरात, धुऊन पालथा. त्याने सीडी मागे नेली. बावन्न मिनिटं सतरा सेकंदांवर कप पुन्हा ठेवला गेला. तिसऱ्यांदाही तिथेच. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कॉफी घेतली असणार, असा शेरा विब्रेनने वहीत लिहिला.

पुढच्या सीडीत लोकरीच्या सुया वाजत होत्या. ध्वनिमुद्रण करणारे विणकामही करत असतील, असं लिहायला त्याचा हात धजला नाही.

त्याने शास्त्रशुद्ध तपास केला. निंकेच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर सीडी लावली. सुया. गाडीत लावली. सुया. ज्या सीड्यांमध्ये लपवलेलं गाणं नव्हतं, त्या पाहिल्या. कव्हरवर सत्तेचाळीस मिनिटं छापलेली, आणि यंत्रावरचे आकडे सत्तेचाळीस ओलांडून शांतपणे एक्कावन्नपर्यंत चालत गेले. त्या चार मिनिटांत एक खोली होती. त्या खोलीत कुणीतरी होतं.

शेवटी त्याने शेजारच्या योपीला बोलावलं. योपी बहात्तर वर्षांची. आयुष्यात तिने कुणाची भीड ठेवली नव्हती आणि आता सुरुवात करायचा तिचा विचार नव्हता.

"ऐक," विब्रेन म्हणाला. "काय ऐकू येतं सांग."

योपी डोकं कलतं करून ऐकत राहिली.

"हिस्के विणतेय," ती म्हणाली. "हे कधी टेप केलंस?"

"केलं नाही."

"बरं. रागात आहे पण ती."

"रागात? कशावरून?"

"टाके घट्ट पडतायत. ऐक की. सुई सुईवर घासतेय. मी शेजारी बसून विणलंय तिच्या, मला सांगतोस?" योपीने उठून कोट चढवला. दाराशी थांबून म्हणाली, "बोलत का नाही ती?"

विब्रेनने यंत्र बंद केलं. उत्तर त्याला माहीत होतं.

त्या दिवसापासून त्याने शेरे लिहिणं सोडलं. तो नुसता ऐकू लागला. ब्याण्णवच्या फळीत पिम नावाच्या त्यांच्या कुत्र्याची नखं लाकडी फरशीवर टकटक चालत गेली आणि कोपऱ्यात धप्पकन बसली. पंचाण्णवमध्ये वरच्या मजल्यावर तान्ही निंके रडली, जिना करकरला, रडणं थांबलं, जिना पुन्हा करकरला, सुया पुन्हा सुरू झाल्या. दोन हजार तीनपर्यंत पाऊस जुन्या कौलांवर पडत होता, त्यानंतर नव्या. विब्रेनला दोन्हींतला फरक कळत होता. आपल्याला तो कळतो हे मात्र आजवर माहीत नव्हतं. समोर काळोखा समुद्रतळ असावा आणि ओहोटी लागून तो सावकाश उघडा पडत जावा, तसं त्याचं सगळं आयुष्य चार-चार मिनिटांनी त्याच्यासमोर उघडं पडत होतं. तो खुर्चीच्या कडेला हात जुळवून बसे. चर्चमध्ये तो कधी तसा बसला नव्हता.

फक्त तिचा आवाज नव्हता.

विब्रेनकडे हिस्केचे फोटो होते, पत्रं होती, इथल्या रीतीप्रमाणे शौचालयात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तिचं अक्षर होतं. आवाज कुठेच नव्हता. फोनवरचा तिचा शेवटचा निरोप त्याने चुकून पुसला होता. आता तिची तीस वर्षं साडेतेरा मीटर लांबीत त्याच्यासमोर उभी होती, आणि त्यात एक शब्द नव्हता, कारण त्यानेच तिला बोलायची बंदी केली होती.

दुसऱ्या आठवड्यात त्याला तो श्वास सापडला.

सुया थांबायच्या. ती श्वास घ्यायची, छोटा, वरच्या वर, काहीतरी सांगायच्या आधी माणूस घेतं तसा. मग तो तसाच सोडून द्यायची. सुया पुन्हा सुरू. एकदा कळल्यावर तो प्रत्येक सीडीत ऐकू येऊ लागला. कधी दोनदा. सत्त्याण्णवच्या एका सीडीत सहा वेळा. त्या दिवशी काय घडलं होतं ते आठवायचा त्याने फार प्रयत्न केला. त्या दिवशी आपण कोणती सीडी लावली होती, तेवढंच त्याला आठवत होतं.

सोमवारी त्याने नियम मोडला. तबकडी फिरत होती, सुया चालल्या होत्या. विब्रेनने घसा खाकरला.

"हिस्के," तो म्हणाला. "बोल ना."

सुया थांबल्या.

खुर्ची करकरली. कुणीतरी त्याच्या दिशेने वळलं होतं.

त्याने श्वास रोखला. तिने घेतला, तोच छोटा. आणि तबकडी संपली.

त्याने सीडी पुन्हा लावली. या वेळी तो गप्प बसला. तरीही सुया त्याच जागी थांबल्या आणि खुर्ची करकरली. आदल्या दिवसापर्यंत त्या जागी सुया चालू होत्या, हे तो शपथेवर सांगू शकला असता.

बुधवार संध्याकाळपर्यंत त्याने अकरा सीड्यांवर तिला हाक मारली. विनंती केली, माफी मागितली, एकदा चक्क ओरडला. दर वेळी सुया थांबत, खुर्ची वळे, श्वास येई आणि तबकडी संपे. तीस वर्षांची सवय होती. नवऱ्याने तीन दिवसांपूर्वी परवानगी दिली म्हणून ती थोडीच सुटणार.

पण सीड्या अजून अकराशेच्या वर शिल्लक होत्या. कुठल्या ना कुठल्या सीडीत ती बोलेल. त्याने ठरवलं: ठेवायच्या. सगळ्या. पलंग विकायचा.

गुरुवारी साडेदहाला रेमको आला. पस्तिशीचा, उंच, दारातूनच बोलत आत शिरणारा.

"माफ कर," विब्रेन म्हणाला. "मी विकत नाहीये."

"फोन नव्हता का काका? ऐंशी किलोमीटर आलोय."

हे खरं असल्यामुळे विब्रेनने कॉफी केली, डब्यातून एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला.

"माल बघू तरी द्या," रेमको म्हणाला. "परत कधी मन बदललं तर भाव माहीत असलेला बरा." त्याने पिशवीतून छोटं यंत्र आणि हेडफोन काढला, मधल्या फळीवरची एक सीडी उचलून लावली आणि सरळ शेवटाला नेली. "सीडी आतून बाहेर वाजते, माहितीये ना? ओरखडे पडतात ते कडेला. म्हणून आपण नेहमी शेवट ऐकतो. सुरुवात सगळ्यांचीच बरी असते."

हेडफोन लावूनही तो बोलतच राहिला, आणि हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसा मोठ्याने. पुलाशी कसा खोळंबा झाला, गाडीचं काय काय बिघडलंय. तबकडी फिरत होती आणि हा माणूस बोलत होता. विब्रेनचे खांदे आपोआप ताठरले. या खोलीत असं कधीच झालं नव्हतं.

रेमको मध्येच थांबला. ऐकल्यासारखी मान वळवली.

"नाही हो ताई, लांब कुठली. दारातच उभी आहे. निळी व्हॅन."

विब्रेनने हातातली बशी खाली ठेवली.

"काय म्हणालास?"

रेमकोने एक कान मोकळा केला. "तुमच्या बाई विचारत होत्या ना आतून, गाडी लांब उभी आहे का म्हणून." त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे मान उडवली. "त्यांना म्हणावं कोट घ्या, गाडीतला हीटर बंद आहे. कुठवर सोडायचंय त्यांना?"

"आवाज," विब्रेन म्हणाला. "आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे? छान होता. हसरा."

विब्रेनने हेडफोन ओढून घेतला. सुया नव्हत्या. लोकर पिशवीत कोंबल्याचा आवाज झाला. खुर्ची मागे सरली. खुंटीवरून कोट निघाला, त्याची चेन खालून वर सरकत गेली. पावलं दाराकडे गेली. घाई नव्हती, रेंगाळणंही नव्हतं.

त्यानंतर काहीच नाही. कुणीही नसलेली शांतता.

त्याने दुसरी सीडी लावली. छापल्याप्रमाणे सत्तेचाळीस मिनिटांवर ती थांबली. तिसरी एक्केचाळीसवर. पिम नाही, पाऊस नाही. फळीच्या फळी नुसती गाण्यांनी भरलेली.

रेमको बिस्किट खात त्याच्याकडे बघत होता.

"घेऊन जा," विब्रेन म्हणाला.

"किती?"

"सगळ्या."

"आता तर म्हणालात..."

"तिने ठरवलंय."

रेमकोने खांदे उडवले. नवरा-बायकोच्या भानगडीत तो पडत नसावा. दोघांनी मिळून खोकी भरली. शेवटच्या खोक्याशी तो म्हणाला, "एखादी ठेवा की काका. आठवण."

विब्रेनने हातातली सीडी उलटसुलट पाहिली. मग ती खोक्यात, तिच्या तारखेच्या जागी घातली.

व्हॅन निघाली आणि शंभर पावलांवर थांबली. शिडाची होडी यायची होती म्हणून कालव्यावरचा पूल वर गेला होता. विब्रेन कोट न घालताच बाहेर पडला. फूटपाथवरून चालत तो व्हॅनच्या उजव्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या खिडकीपाशी आला. ऊन स्वच्छ होतं. आतलं सगळं दिसत होतं.

रेडिओ बंद होता. रेमको शेजारच्या सीटकडे वळून बसला होता आणि मान डोलावत होता. दोनदा त्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला मध्ये एक शब्दही घालता येत नव्हता.

सीट रिकामी होती. तिचा पट्टा मात्र ओढून नीट लावलेला होता. तो सीटच्या पाठीला चिकटलेला नव्हता. वीतभर पुढे, हवेत, छातीच्या उंचीला ताणून उभा होता.

पूल खाली आला. रेमको कशाला तरी मोठ्याने हसला. त्याच्या पाठोपाठ पट्टाही हलला, माणूस पोट धरून हसलं की हलतो तसा.