तीन ठोक्यांचं उत्तर

लातूर जिल्हा होऊन उणंपुरं वर्ष झालं होतं आणि नव्या जिल्ह्याच्या अंगाची हळद उतरायच्या आत दुष्काळ दारात येऊन बसला. मुरुडचा शरणप्पा त्या साली सरकारी पंपावर नोकरीला लागला. आता विहिरींत पाणीच नाही म्हटल्यावर पंपवाल्याला काम कुठलं? म्हणून त्याला पंपासकट किनवटच्या जंगलापलीकडं धाडलं. तिथं मांगूरवाडीला कोळशाची बंद पडलेली खाण होती आणि खाणीत पाणी तुंबलं होतं. ते उपसायचं आणि टँकर भरायचे, एवढंच काम.

त्याची बायको सिद्धम्मा खूश झाली. तुमच्या ओळखीचंच गाव, आठ दिवस मजेत जातील, म्हणाली. शरणप्पानं भाकरीचं गाठोडं उचललं. ओळखीचं होतं म्हणून तर पाय निघत नव्हता.

मांगूरवाडी खाणीमुळं वसली आणि खाणीबरोबरच उठली. चार-दोन घरं तेवढी धरून होती; रिकाम्या चाळींची दारं-खिडक्या लोकांनी केव्हाच काढून नेल्या होत्या. भोंग्याचा मनोरा तेवढा उभा होता. भोंगा वाजून अकरा वर्षं झाली तरी पत्ता सांगताना माणसं अजून ‘भोंग्यापासून डावीकडं’ म्हणत. पुढं खाणीचं तोंड, विहिरीसारखं सरळ खोल, आणि त्यावर लोखंडी सांगाड्यात ते मोठं चाक. पूर्वी चाकावरून दोर फिरे आणि पिंजऱ्यातून माणसं खालीवर होत. दोर भंगारात गेला, चाक गंजून जागीच बसलं.

खाण चालू होती तेव्हा शरणप्पा तिथं बिल्ल्यांच्या खिडकीत बसायचा. खाली जाताना प्रत्येक कामगारानं खिळ्यावरचा आपला पितळी बिल्ला घ्यायचा, वर आल्यावर परत द्यायचा. खिळा रिकामा असला की समजायचं, माणूस अजून खाली आहे. पण खाण बंद व्हायच्या दिवशी सगळ्यांनाच घरची ओढ. कुणीतरी पाच-सहा बिल्ले एकदम खिडकीत टाकले आणि शरणप्पानं तोंडं न बघता ते खिळ्यांना अडकवून दिले. सगळे वर आले, अशी हाक त्यानंच दिली. त्या हाकेवर खालचे पंप बंद झाले आणि पाणी चढू लागलं.

दुसऱ्या दिवशी जाहिदा खिडकीशी आली. तिचा नवरा खाजामियाँ घरी आला नव्हता. शरणप्पानं तिला खिळ्यावरचा बिल्ला दाखवला. बिल्ला वर म्हणजे माणूस वर. मग गावानंच ठरवलं की खाजा हैदराबादला पळाला, तिकडं दुसरी केली. डबा खाली राहिला म्हणून खाजा मागं फिरला होता आणि बिल्ला सोबत्याच्या हाती देऊन गेला होता, हे शरणप्पाला चार दिवसांनी कळलं. तोवर त्याची जबानी होऊन गेली होती. त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच. टाकलेली बाई म्हणून जाहिदानं त्याच चाळीत राहून अकरा वर्षं टोमणे खाल्ले. त्याच्या एका शब्दानं ते थांबले असते, आणि तो शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. चोराच्या मनात चांदणं. मांगूरवाडीत उरलेल्यांपैकी कुणी नुसतं ‘कसं काय शरणप्पा’ म्हटलं तरी आता त्याला घाम फुटायचा.

दोन दिवस पंप चांगला चालला. पाणी बरंच खाली गेलं. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं अशा वेळी, पाइपातून आवाज आला. ठण... ठण... ठण.

"हवा धरली आसंल," टँकरवाला अमृतराव म्हणाला आणि भरलेला टँकर घेऊन निघून गेला.

शरणप्पानं पंप बंद केला. आवाज बंद झाला नाही. तीन ठोके, मग थोडी उसंत, मग पुन्हा तीन. खाणीत तीन ठोक्यांचा अर्थ एकच, माणूस वर यायचा आहे, ओढा. आणि रीत अशी की वरच्यानं तेवढेच ठोके उलट द्यायचे. उत्तर मिळत नाही तोवर खालचा माणूस पिंजऱ्यात पाय टाकत नाही. तिथंच उभा राहतो.

अकरा वर्षं.

शरणप्पानं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. दुसऱ्या हातानं पान्हा उचलला. पहिला ठोका नीट बसलाच नाही. तरी त्यानं तीन मोजून दिले.

खाली शांत झालं. मग डोक्यावर चाक करकरलं. दोर नाही, वारा नाही, आणि गंजाची पापडी त्याच्या खांद्यावर पडत होती. ओल्या कोळशाचा वास खाणीच्या तोंडाशी आला, त्याच्या अगदी जवळून गेला आणि चाळीच्या दिशेनं सरला. शरणप्पानं वर पाहिलं नाही. मागंही पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यानं पान्हा खाली ठेवला. आता सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं मनाशी घोकत तो जाहिदाच्या दारात गेला. दार उघडंच होतं.

"भाभी," तो म्हणाला, "खाजामियाँ पळाला न्हाई. चूक माझी हाय. तो खालीच..."

जाहिदानं ओठांवर बोट ठेवलं. बोट ओलं होतं आणि काळं.

"आहिस्ता बोला, भाऊ... आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."

पडद्याआड कुणीतरी जड श्वास घेत होतं. जाहिदाच्या चेहऱ्यावर असं सुख होतं की शरणप्पाला रडू आलं. भीतीचं की सुटल्याचं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ती त्याच्यावर रागावली नव्हती. तिनं त्याला बसायला पाट दिला, आणि मग जरा जवळ येऊन विचारलं,

"पन भाऊ, त्यांच्या संगं आलेले ते दोघं कोण?"

खाणीतून खाजाखेरीज एकही माणूस हरवला नव्हता. हे शरणप्पाइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं; बाकीचे सगळे त्यानं नंतर आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

"कोण दोघं...?"

"मागं अंगणात बसलेत. पाणी दिलं, पन पीत न्हाईत," जाहिदा म्हणाली. "तुमचंच नाव घेऊन इचारून राहिलेत."