रविवारचा बिघाड

डिसेंबरातल्या धुक्यात, लखनौच्या चौकातल्या मक्खन-मलाईच्या ठेल्यासमोर मृणाल देवस्थळी मोबाइलवर ओरडत होती. "बाबा, इंजिन अडकलं की कॉम्प्युटर?... पूरी स्क्रीन? अच्छा, मग हात लावू नका, मी येतेय ना!"

"एखादी स्क्रिप्ट कशाची तरी वाट बघत बसली असेल," शेजारून कुणीतरी म्हणालं. चक्क मराठीत.

तिनं वळून बघितलं. मफलरात गुंडाळलेला एक उंच मुलगा, हातात मलईचा द्रोण, नाकाच्या शेंड्यावर मलई आणि चेहऱ्यावर मोठ्या पंडिताचा आव.

"आप दूसरों के फोन सुनते हैं?"

"लखनौत मराठी ऐकू आलं की कान टवकारतातच. मी हृषीकेश. सांगलीचा."

"और नाक पे मलाई लगी है, सांगलीकर."

त्यानं घाईघाईनं गाल पुसला. मलई होती तिथंच राहिली, आणि मृणाल इतकी हसली की ठेलेवालाही हसायला लागला.

बायको गेल्यावर माणसं देवाला लागतात. डॉक्टर पंढरीनाथ देवस्थळी पायथनला लागले होते. उभा जन्म वनस्पतिशास्त्रात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर दिवाणखान्यात दहा फुटी टेबलावर आगगाडी मांडून बसला होता. वीतभर डबे, बोटाएवढे सिग्नल, रूळ बदलणारे सांधे, आणि ते सगळं चालवणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. गाडीनं कुठं थांबायचं, कुठं वळायचं, याच्या सूचनांच्या स्क्रिप्ट ते स्वतः पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहीत, दोन बोटांनी. आठवडाभर लिहायचं आणि शनिवारी गाडी सोडायची, हा त्यांचा नेम. त्या शनिवारी कॉम्प्युटरचा पडदा गोठला होता आणि गाडी रुळाच्या टोकावरून थेट सोफ्यावर गेली होती.

हृषीकेश एका संशोधन संस्थेत प्रोग्रॅमर होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो मृणालच्या बोलावण्यावरून घरी आला आणि तासाभरात त्यानं दुखणं पकडलं.

"सर, गाडी स्टेशनात येईपर्यंत तुमची स्क्रिप्ट वाट बघते, ते बरोबरच आहे. पण ती मुख्य दारात उभी राहून वाट बघते. मग बाकी कुणाला आत-बाहेर करताच येत नाही. तिला बाजूच्या खोलीत बसवू." त्यानं वाट बघण्याचं काम वेगळ्या फाईलमध्ये टाकलं. "हिला मात्र हात लावू नका, सर."

"नाही लावणार," म्हाताऱ्यानं एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली.

गाडी झोकात चालली, आणि इथंच पंचाईत झाली. बिघाडच उरला नाही तर पुढच्या रविवारी यायचं कोणत्या तोंडानं? पण नशीब बघा... पुढच्या शनिवारी पडदा पुन्हा गोठला. त्याच्या पुढच्याही.

दर रविवारी हृषीकेश येऊ लागला. मृणाल पोहे करी आणि शेजारी खुर्ची ओढून बसे. शिकायचं निमित्त होतं.

"इकडे बघ, पडद्याकडे," तो म्हणे.

"देख तो रही हूँ."

"पडद्याकडे म्हटलं मी..."

"तुझ्या चष्म्यात दिसतो ना पडदा. तिथंच वाचतेय."

त्याची बोटं कळफलकावर चुकत. तिच्या बांगड्या उगाच वाजत. बाबा सांधे पुसत बसलेले असत. त्यांना यातलं काही दिसत नसे, किंवा दिसूनही ते सांधेच पुसत राहत.

शिकता शिकता मृणाल खरंच शिकली. जानेवारीत एका दुपारी तिनं ती 'हात लावू नका'वाली फाईल उघडली. तळाशी, भरपूर कोऱ्या जागेखाली, एक ओळ लपून बसली होती. शनिवार असेल तर मनात येईल त्या फेरीला मुख्य दारात उभी राहा आणि कधीच न येणाऱ्या गाडीची वाट बघ.

तिला आधी हसू आलं, मग कानांच्या पाळ्या गरम झाल्या. एवढा हुशार मुलगा, आणि आपल्यासाठी हा असला वेडेपणा! ती ओळ पुसायला तिला एक क्षण पुरला असता. तिनं फाईल मिटली. त्यानं कुठं काही सांगितलंय, मग आपण तरी का बोला? मृणालही वेड घेऊन पेडगावला गेली.

मार्चपर्यंत हे सुखात चाललं. तिचं आणि त्याचं. एका सकाळी बाबांनी स्कूटरची किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"आजपासून तूच ठेव."

"क्यों? पाय दुखतोय?"

"नाही गं... असंच."

त्या दुपारी तिला कळफलकाखाली त्यांची वही सापडली. प्रत्येक शनिवारची नोंद होती. 'आज काय बदललं: दोन ओळी. तपासल्या. बरोबर. तरी गोठलं.' पुढे, 'काहीच बदललं नाही. नक्की?' त्या 'नक्की'खाली तीनदा रेघ. आणि शेवटच्या पानावर: 'हृषीकेशच्या फाईलला हात लावलेला नाही, असं मला वाटतं. काही करतो आणि विसरतो बहुधा. दत्तादादाचंही असंच सुरू झालं होतं.'

बाबांचे हे थोरले भाऊ, दत्तात्रयकाका, शेवटी वाईच्या बाजारातून घरी यायची वाट विसरले होते. बाबांनीच त्यांना हाताला धरून आणलं होतं.

मृणालनं वही मिटली. तीन महिने ती हसत होती आणि तिचा बाप दर शनिवारी स्वतःची परीक्षा घेऊन नापास होत होता. तिला स्वतःची किळस आली. बाबांनी लिहिणं थांबवलं होतंच. म्हणाले होते, "गाडी तू चालव. मी बघीन." गेले दोन शनिवार तिनंच चालवली होती.

त्याच आठवड्यात, रविवारी, हृषीकेश पेढे घेऊन आला. बेंगळुरूची नोकरी लागली होती, सरांच्या शिफारसपत्रावर. तिनं त्याला फाटकातच अडवलं आणि वहीबद्दल सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. "तुला... ती ओळ माहीत होती?"

"जानेवारीपासून."

"मग तुला हेही माहीत असेल मी ती कशासाठी... मृणाल, माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून. सरांना आज विचारणारच होतो."

हेच ऐकायला तिनं किती रविवार काढले होते! आणि आता ते कानांवर पडलं तर रडूच आलं.

"मग आत चल आणि आधी तेच सांग. की ती ओळ तू टाकलीस. मी पाहिली आणि गप्प बसले, हे मी सांगते."

तो पेढ्यांच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "दोन आठवड्यांपूर्वीच काढून टाकली मी ती. आता कधीच गोठणार नाही. मग कशाला उगाच...? त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकलाय गं. काय तोंड दाखवू? तिकडे गेलो की सविस्तर पत्र लिहितो..."

"आत्ता, हृषी."

"आज नको... प्लीज."

तिनं त्याच्या हातातून पुडा घेतला. "ठीक है. बाबांना सांगेन, घाईत होता."

"आणि आपलं?"

"बाबांसमोर तुला खरं बोलता येत नाही आणि मलाही आलं नाही. अशा दोघांनी संसार करू नये." तिनं फाटकाची कडी लावली. तो बराच वेळ पलीकडे उभा होता, मग गेला. तिनं हाक मारली नाही, आणि मारावीशी फार वाटत होती.

बाबा टेबलापाशी बसले होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं. ओळ, जानेवारी, स्वतःचं गप्प बसणं, सगळं. फाईल उघडून दाखवली. तळाशी आता नुसती कोरी जागा होती.

बाबांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"तू माझी समजूत काढतेस, कळतं मला. पण त्या पोरावर कशाला ढकलतेस? त्यानं किती रविवार दिले आपल्याला."

"बाबा, सच कह रही हूँ! तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही!"

"मृणाल, मी शास्त्रज्ञ माणूस. पुरावा बघतो," ते हळूच म्हणाले. "मी हात लावणं सोडल्यापासून गाडी एकदा तरी अडली का? तूच सांग."