उजवा बूट, नंबर चोवीस

तुकडा एकच होता, टोकं दोन होती. एक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. सोडायला कुणीच तयार नव्हतं.

आमच्या लेओन गावात दर मंगळवारी चामड्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा बाजार भरतो. गावच बुटांचं. पण असा तुकडा ढिगात रोज सापडत नाही... मामे फळाच्या गरासारखा लाल, आणि बोट फिरवलं की लव उठणारा.

"मी आधी पाहिला," मी म्हणाले.

"पाहिला असाल. धरला मी आधी."

तेवढ्यात पाऊस आला. लवदार चामड्यावर पाणी पडलं की डाग कायमचा. मी काही करायच्या आत त्याने जाकिटाची एक बाजू उघडून तुकड्यावर धरली. टोक माझ्या मुठीत, त्यामुळे मलाही आत सरकावं लागलं. त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

"पाऊस थांबेपर्यंत भांडू," तो म्हणाला. "थांबला की अर्धा-अर्धा."

पाऊस तासभर थांबला नाही. मी तक्रार केली नाही.

त्याचं नाव लिसांद्रो. तो बूट बनवण्यासाठी लागणारे लाकडी पाय, म्हणजे कलबूत, कोरायचा. मी, एरेंदिरा, मालकीण दोन्या चेलाच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते. दिवसभर इतरांचे बूट शिवायचे आणि रविवारी वहीत आपले काढायचे, हा माझा छंद. वहीत फक्त स्नीकर. एकाच्या टाचेवर कोंचा पावाच्या शिंपल्यासारख्या चिरा, एकाला सणाच्या कागदी पताकांसारखी जाळी. आणि एक माझा सगळ्यात लाडका, रेबोसोचा. आम्ही बायका खांद्यावर घेतो त्या रेबोसोसारखं लाल-करडं विणकाम, आणि नाड्या त्याच्या झालरीसारख्या गाठी मारमारून विणलेल्या. ते पान मी कुणालाच दाखवलं नव्हतं.

लिसांद्रोला तिसऱ्याच रविवारी दाखवलं. चौकातल्या बाकावर, ग्वाकामाया, म्हणजे आमच्याकडचा भरलेला पाव, खाताना. तोपर्यंत त्याच्या तोंडचं 'तुम्ही' गळून पडलं होतं.

त्याने पान बराच वेळ पाहिलं. मग मागची सगळी पानं उलटली.

"सगळे डावेच बूट. उजवा कुठे राहिला?"

"उजवा मला आवडत नाही."

"त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

मी हसून विषय बदलला. बाकाखाली मात्र उजव्या बुटाची नाडी सैल करून ठेवली होती. बसले की मी ती सैल करतेच. उजवा बूट मला लहानपणापासून चावतो. मला वाटायचं, सगळ्यांनाच चावत असेल.

त्यानंतर एका गुरुवारी मी चिंब भिजून त्याच्या दुकानात गेले. माझे बूट त्याने खिडकीत वाळत ठेवले आणि आपल्या चपला मला घालायला दिल्या. त्या होडीएवढ्या चपलांत मी तासभर फटक-फटक फिरले. तो कोरता कोरता हसत होता, आणि मला वाटत होतं, हे बूट कधी वाळूच नयेत.

मग दाफ्ने आली.

दाफ्ने त्याच्या दुकानासमोरच्या मोठ्या कारखान्यात नवी डिझायनर म्हणून ग्वादालाहारा शहरातून आली होती. रीतसर शिकलेली, उंच, आणि केस असे की वाऱ्यालासुद्धा ते नीट उडवावेसे वाटावेत. तिच्या नव्या बुटांची कलबुतं लिसांद्रो कोरणार होता. कामाला यावं, बोलावं, निघावं. ती मात्र त्याच्या टेबलावर बसून पाय हलवत राहायची. लांब, निमुळते, सुंदर पाय. आमच्या गावात माणूस आधी पायांकडे पाहतो आणि मग तोंडाकडे. मी पाहिल्याबरोबर ओळखलं, नंबर चोवीस.

माझा तेवीस.

एका रविवारी ती आमच्या बाकाशी आली आणि "घसा सुकलाय रे," म्हणत लिसांद्रोच्या ग्लासातली सेबादिना पिऊन टाकली. अर्धी. आणि ग्लास त्याला परत दिला. आणि तो तसाच प्यायला. सेबादिनात सोडा पडला की फेस वर येण्याआधी ग्लास उचलावा लागतो. मी माझा उचलला नाही. फेस उतू गेला आणि सगळा त्याच्या पँटवर सांडला.

"एरे, लक्ष कुठे आहे?"

"इथेच आहे," मी म्हणाले. "तुझं कुठे आहे?"

मला राग आला की माझी शिलाई सरळ येते, हे दोन्या चेलाला ठाऊक आहे. त्या आठवड्यात तिने माझे टाके चष्मा लावून पाहिले आणि विचारलं, "कोण आहे ती?" मी म्हटलं, कुणी नाही. ती म्हणाली, कुणी नसेल तर असंच चालू दे, गिऱ्हाईक खूश आहे.

मंगळवारी त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने घाईने टेबलावर फडकं टाकलं. पण मी बुटांच्या गावातली. फडकं पडण्याआधी दिसलेलं एकच कलबूत मी ओळखलं. उजव्या पायाचं. वर पेन्सिलीने लिहिलेलं, चोवीस.

"कुणाचं?" मी विचारलं.

"असंच... एक काम आहे."

त्याचे कान लाल झाले. नमुन्याचं म्हणावं, तर आमच्याकडे नमुने तेवीसचेच निघतात. मी तडक निघाले. घरी येऊन वही उघडली आणि रेबोसोचं पान फाडायला घेतलं. फाडवलं नाही.

शनिवारी कारखाने लवकर सुटतात. मी ठरवून गेले होते की त्याला दोन शब्द सुनवायचे आणि परत तोंड पाहायचं नाही. दुकान उघडं, तो नव्हता. टेबलावर फडकं नव्हतं. तिथे बूट होता.

माझा बूट. माझा रेबोसो. लाल-करडं विणकाम, गाठी-गाठींच्या नाड्या, आणि टाचेवर त्या मंगळवारचं लाल चामडं, त्याच्या वाटणीचं. एकच, उजवा. शेजारी ते चोवीसचं कलबूत.

चामडं देऊन टाकलं असतं तरी मी सोसलं असतं. पण माझं चित्र, तिच्या पायात?

मी बूट उचलला, रस्ता ओलांडला आणि दाफ्नेच्या खोलीत जाऊन तो तिच्यासमोर ठेवला.

"हा तुमचा. घाला."

तिने बूट हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि कौतुकाने तिचा चेहरा खुलला. त्याचाही मला राग आला.

"माझा? मला कुणी सांगितलं नाही."

"नंबर चोवीस आहे."

तिने सँडल काढली आणि पाय आत घातला. टाच आत हलत होती, आणि अंगठ्याच्या बाजूला बूट उगीच फुगलेला राहिला.

"लांबी बरोबर आहे," ती म्हणाली. "पण हा माझा नाही गं. हा अंगठ्याशी हाड वाढलेल्या पायासाठी कोरलाय. वर्षानुवर्षं कुणी अपुऱ्या बुटात पाय कोंबला तर असं होतं. बिचारी कोण आहे?"

मी खुर्ची ओढून बसले. माझ्या उजव्या बुटाची नाडी नेहमीप्रमाणे सैलच होती. बूट काढला, आणि तो लाल-करडा घातला.

पाय आत गेला आणि तिथेच राहिला. कुठेही चावलं नाही. इतकी वर्षं तो पाय सतत कुरकुरत होता, हे तो गप्प झाल्यावर मला कळलं.

दारात लिसांद्रो धापा टाकत उभा होता. हातात डावा बूट.

"एरे, टेबलावरचा..." त्याने माझा पाय पाहिला. "चावतो का?"

"नाही." मी टाच टेकवून पाहिली. "पण माझा नंबर तेवीस आहे."

"डावा तेवीस. उजवा चोवीस. तुझे बूट मी वाळत ठेवले ना, तेव्हा आत हात घालून पाहिलं. उजव्याला अंगठ्यापाशी भोक पडलंय. बुटांच्या गावात जन्मलीस आणि उजव्याचं माप कधी घेतलंच नाहीस?"

"डावा मोजायचा, जोड घ्यायचा. सगळे तसंच करतात."

"म्हणून उजवा आधी केला. तुला आवडत नव्हता ना..." तो गुडघ्यावर बसला आणि नाडी बांधू लागला. गाठ दोनदा सुटली. "मला तुझे दोन्ही आवडतात, एरे. आणि तूही. हे पुढच्या रविवारी सांगणार होतो. बाकावर. नीट."

"आणि ग्लास?" मी विचारलं. "तिच्या उष्ट्या ग्लासातून का प्यायलास?"

"त्याचा राग होता?" तो वर बघून हसायला लागला. "मला तहान लागली होती."

"यापुढे तहान लागली तर मला सांगायचं."

"सांगेन."

"आणि मला तू आवडतोस. मंगळवारपासून. त्या पहिल्या."

दाफ्ने केव्हाची एक सँडल हातात घेऊन उभी होती. तिने शांतपणे सांगितलं की बाकीचं बाहेर जाऊन बोला, तिला खुर्ची हवी आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी नको, एकदा तुझी वही दाखव.

सोमवारी माझी शिलाई इतकी वाकडी आली की दोन्या चेलाने चार जोड उसवायला लावले. ओरडली मात्र नाही. चष्मा खाली ओढून तिने मशीनच्या पायडलवरच्या माझ्या पावलांकडे पाहिलं, आधी डाव्या, मग उजव्या.

"पाय दुखत नाहीत ना आता?" तिने विचारलं. "मग शिलाई येईल हळूहळू."