खोटा आकडा

जुन्या बाजारात, गंजलेल्या इस्त्र्या आणि फुटक्या रेडिओंच्या ढिगात तो मदरबोर्ड दिसला आणि रेंगानिसचा श्वासच अडकला. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, तरी एकही कपॅसिटर फुगलेला नाही! तिनं हात पुढे केला... आणि पलीकडूनही एक हात आला.

"सोडा," ती म्हणाली.

"तुम्हीच सोडा ना, तेह."

"तेह-बिह नको, मी कुणाची ताई नाही. रेंगानिस नाव आहे माझं."

"मी गुमिलार." तो हसला. बोर्ड मात्र सोडला नाही.

दुकानदार म्हातारबुवा वैतागले. "भांडता कशाला? दोघं मिळून घ्या आणि मला मोकळं करा. पाऊस येतोय!"

तसंच झालं. बोर्ड दोघांचा, पण तो तपासायची जागा तिची — बांडुंग शहरातल्या भाजीबाजारामागचं तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

जुन्या मदरबोर्डांची स्पर्धा तोंडावर आली होती. कुणाचं यंत्र सगळ्यात जोरात पळतं आणि तरी कोलमडत नाही, एवढंच तिथं बघायचे. गेल्या वर्षी रिझाल नावाचा एकजण असाच तिच्या दुकानात येऊन बसायचा, गोड गोड बोलायचा. तिनं जिवाचं रान करून शोधलेला वेग त्यानं गुपचूप पाठ केला आणि स्पर्धेत तोच लावून पहिला आला. तेव्हापासून रेंगानिस ताकही फुंकून पीत होती.

गुमिलार रोज दुपारी यायचा. आंगक्लुंगच्या कारखान्यात तो बांबू तासून वाद्यांचे सूर लावायचा. येताना आल्याचं गरम बांद्रेक घेऊन यायचा आणि मग प्रश्नांची सरबत्ती.

"हा आकडा वाढवला की काय होतं?"

"वेग वाढतो."

"आणि फारच वाढवला तर?"

"बंद पडतं. कधी जळतंसुद्धा."

"बांबूचंही तसंच. जास्त तासला गेला की परत जोडता येत नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणून मी आपला सावकाश जातो..."

तिची कानशिलं तापली. तिनं घाईघाईनं प्रोसेसरच्या पंख्याशी बोट नेऊन पाहिलं — तिथं तर सगळं थंडच होतं!

पण संशय काही जाईना. या बाबाला रॅम कुठे बसवतात तेसुद्धा ठाऊक नव्हतं. मग बाजारात हा बोर्ड एवढा घट्ट का धरला होता? एकदा तिनं सरळ विचारलं, तर "आवडला," म्हणत त्यानं मान फिरवली. आणि मग एका संध्याकाळी तळलेल्या बटागोरच्या गाडीशी तो दिसला... रिझालच्या शेजारी! दोघं एकाच ताटलीत खात होते.

रेंगानिस आल्या पावली मागं फिरली. तिला स्वतःचाच राग आला, एवढं दुखायचं काय कारण?

मग तिनं सापळा लावला. बोर्ड एकशे बावन्न मेगाहर्ट्झवर सुरळीत चालत होता. दुसऱ्या दिवशी गुमिलारच्या कानाशी वाकून ती कुजबुजली, "एकशे सहासष्ट. कुणाला बोलायचं नाही हं."

"मेलो तरी नाही," तो म्हणाला. रिझालच्या यंत्रावर हाच आकडा दिसला की चोर पकडलाच!

स्पर्धेच्या सकाळी गुमिलारला सभागृहातल्या त्यांच्या टेबलापाशी बसवून ती यंत्र गार ठेवायला बर्फ आणायला गेली. परतताना रिक्षा गर्दीत अडकली. तेवढ्यात त्याचा फोन आला. खोट्या आकड्यानं रिझालचं यंत्र बंद पडलं असेल, आता खरा काढून घ्यायचाय वाटतं... तिनं फोन कापला. परत आला, परत कापला.

धापा टाकत ती सभागृहात पोचली तेव्हा पडदा काळा पडला होता. गुमिलारचा चेहरा पांढरा फटक.

"पंच म्हणाले, आत्ताच सुरू करा, नाहीतर बाद. तुला फोन केला, तू उचलेनास. म्हणून तू सांगितलेला आकडा टाकला..." त्यानं बोर्डाकडे बोट दाखवलं. "मी मारला गं आपला बोर्ड."

शेजारच्या टेबलावर रिझालचं यंत्र त्याच्या गेल्या वर्षीच्याच वेगानं रखडत होतं. त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

"तू नाही," रेंगानिस कसंबसं म्हणाली. "आकडाच खोटा होता. तुला... पारखायला दिलेला."

"एवढा लबाड वाटलो?"

"त्या दिवशी रिझालबरोबर—"

"तो आकडा विचारायला आला होता. मी त्याला बटागोर खिलवलं आणि वाटेला लावलं." त्यानं काळ्या पडद्याकडे पाहिलं. "हां, लपवत होतो मी एक गोष्ट. मला मदरबोर्डातलं ओ की ठो कळत नाही. बाजारात तू त्याच्याकडे अशी बघत होतीस... तो घेऊन निघून गेली असतीस तर पुन्हा दिसली नसतीस. म्हणून धरून ठेवला."

तिला डोळे पुसायलाही सवड नव्हती. बोर्डावरचा चपटा सेल तिनं नखानं उचकटला, थोडं थांबून परत बसवला. चुकीचा आकडा पुसला गेला. बीप! पडदा उजळला.

"टाक," ती म्हणाली. चांगली सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "एकशे बावन्न!"

रिझालची मान गर्रकन वळली.

"अगं, हळू बोल ना!"

"ऐकू दे. तुला खरं सांगायचं राहिलंय, ते आधी."

गारुतहून आलेले एक टक्कल पडलेले काका पहिले आले. हे दोघे दुसरे. रिझाल कितवा, ते विचारायचंही रेंगानिस विसरली.

बाहेर पावसाची भुरभुर होती. गुमिलार बोर्ड पिशवीत घालत होता. अजून नीट बोलत नव्हता.

"वाटलास मला लबाड," ती म्हणाली. "दुपार झाली की मी दाराकडे बघत बसायचे. म्हणून तर जास्तच वाटलास... भीती वाटायची रे."

त्यानं मान वर केली. ओठांचा एक कोपरा हलला. त्यानं पिशवी तिच्यापुढे धरली.

"तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली.

"एकट्याकडे? आणि घेऊन पळालो तर?"

"मग..." ती त्याच्या बांबूनं चरे पडलेल्या बोटांकडे बघत राहिली. "मग मलाही घेऊन पळ."

त्याचं हसू एकदम थांबलं. पिशवी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली, मोटारसायकलपाशी गेला आणि आपलं हेल्मेट तिच्या हातात दिलं.